तळाशी लाल

सरकारचा हुकूम असा होता, की वनस्पती तुपाच्या प्रत्येक डब्यात थोडं तिळाचं तेल घातलंच पाहिजे. खाणाऱ्याला ते कळत नसे.

*

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या वनस्पती तूप विकणाऱ्या एका सिंधी दुकानदाराला गिऱ्हाइकाचा चेहरा बरोबर लक्षात राहायचा, आणि तो विसरल्यासारखं दाखवणंही त्याला जमायचं. "अदी, डब्बा दूँ या खुला?" एवढंच तो विचारायचा. अदी म्हणजे ताई. पिशवीतून बरणी बाहेर आली, की खुला.

*

खरवईला बनूबाईची म्हैस व्याली. पारडी झाली.

*

"तूप म्हणजे तूप," अण्णा म्हणाले.

*

काचेच्या नळीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यात चिमूटभर साखर. त्यावर तितकंच पातळ केलेलं तूप. जोरात हलवायचं आणि नळी उभी ठेवायची. आम्ल जड, ते खाली बसतं. तुपात तिळाचा अंश नसेल तर तळाला काही होत नाही. असेल तर तळ लाल.

*

वृंदाचे दीर पुण्याचे.

*

अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात विष्णुपंत केमिस्ट होते. शेजाऱ्यांना केमिस्ट म्हणजे खोकल्याचं औषध देणारा वाटे. विष्णुपंत दर थंडीत समजावून सांगत, "मी औषध देत नाही. बाटलीत आहे ते औषधच आहे का, ते मी सांगतो." खोकणाऱ्याला याचा काही उपयोग नसे.

कारखान्यात माल करणारे पुष्कळ होते. जो माल व्हायला हवा होता तोच झाला आहे का, हे सांगणारे दोघे: विष्णुपंत आणि त्यांच्या हाताखालचा चंदू. त्यामुळे कारखान्यात या दोघांना कोणी आपण होऊन चहाला बोलावत नसे.

काम घरी येत नाही असं विष्णुपंत म्हणत, पण ते येई. बायकोने, मालिनीने, "भात झाला का बघा हो" म्हटलं, की ते पातेल्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून एकेक शीत काढत. तळापर्यंत जाताना भात मोडे. दूध आलं की ते आधी ढवळायला लावत आणि मग मापायला. बायको त्यांना एकदा "मी कशी दिसते?" असं विचारून बसली होती. ते म्हणाले होते, "कशाच्या तुलनेत?"

शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला कंपनीच्या क्वार्टर्सची एक ओळ होती. आठ घरं. त्यातल्या सात घरांना खरवईची बनूबाई तूप घालायची. आठवं घर विष्णुपंतांचं. तिथे मालिनी साय साठवून घरीच तूप कढवते, असं सगळी ओळ धरून होती. विष्णुपंतांचे वडील अण्णा येईल त्या पाहुण्याला सांगत, "आमच्या सूनबाईच्या हातचं तूप. दाणा बघा. असा दाणा आता राहिला नाही."

*

वृंदा दुसऱ्या घरातली. तिने पुण्याच्या दिरांसाठी पुरण घातलं होतं. दिरांनी तुपाची वाटी पोळीवर उपडी केली, एक घास घेतला आणि जीभ टाळूवरून फिरवली.

"वहिनी, तूप कुठून घेता?"

"का हो भाऊजी?"

"काही नाही. टाळूला चिकटतंय."

पंगतीत सासूबाई होत्या, नवरा होता. वृंदाने पोळी उलटली आणि एका दमात सांगितलं, "ती खरवईची बाई देते. मला केव्हाचा संशय होता मेला!"

वृंदाला संशय नव्हता. तिला माहीत होतं. बनूबाईचं तूप देवघराखालच्या बरणीत होतं, निरांजनापुरतं. पोळीवर वाढलं ते फळीवरच्या बरणीतलं. फळीवरची बरणी कॅम्प दोनमध्ये भरली जायची आणि वर चमचाभर खरं तूप वासापुरतं घातलं जायचं. ओळीतल्या त्या सातही घरांत दोन बरण्या होत्या, आणि हे सात बायकांना आपापल्या घरापुरतं माहीत होतं.

दुपारी नळावर वृंदाने संशय बोलून दाखवला. पलीकडच्या गोजरबाईने घागर खाली ठेवली.

"मी म्हणणारच होते. आमच्या ह्यांना हल्ली तुपाने जळजळतं."

"आमच्याकडे तर थिजतंच कसंतरी."

"विश्वासाने घ्यावं, तर हे असं!"

सातही जणींना बरं वाटलं. उद्या कोणाच्या दिराने, सासऱ्याने, नवऱ्याने टाळूवरून जीभ फिरवलीच, तर उत्तर आता तयार होतं. मालिनी आपली घागर भरत होती. ती म्हणाली, "मला काय ठाऊक बाई, मी घरीच करते." ती घागर घेऊन लवकर निघाली.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण विष्णुपंत त्या दिवशी पहिल्या पाळीहून परतत होते.

"संशय?" ते सायकलवरून उतरले. "संशय कशाला ठेवायचा? तपासू की."

गोजरबाईने घागर पुन्हा उचलली. नको कसं म्हणायचं, ते कोणाला सुचेना.

*

कारखान्यात एकाच मालाची सात पिंपं आली, तर सात वेळा तपासणी करत नाहीत. प्रत्येक पिंपातून थोडं थोडं काढायचं, एकत्र करायचं आणि ते तपासायचं. याला एकत्रित नमुना म्हणतात. पिंपांच्या बाबतीत ही पद्धत चांगली आहे.

विष्णुपंत संध्याकाळी काचेचं झाकण असलेली बाटली घेऊन दारोदार गेले. प्रत्येक घरी त्या वेळी नवरा हजर होता, सासू हजर होती. विष्णुपंतांनी तूप मागितलं की नवरा फळीकडे बोट दाखवी, "ती काय, समोर आहे." बाई फळीवरची बरणी काढून देई. देवघराखालची काढायची तर देवघराखाली एक बरणी आहे, हे आधी सांगावं लागलं असतं.

सात घरं, सात चमचे.

प्रयोगशाळेत चंदूने नळी हलवली आणि उभी केली. तूप वर आलं. खालचं आम्ल आधी गुलाबी झालं, मग कुंकवाच्या पाण्यासारखं.

"पंत, शेजारी शुद्ध तुपाची एक नळी लावायची ना? तुलनेला?"

"घरून आणायचं राहिलं रे. आणि काय करायचंय तुलना? लाल ते लाल."

चंदूने त्यांच्याकडे पाहिलं. गंधकाचं पोतं असो नाहीतर बॉयलरचं पाणी, तुलनेच्या नळीशिवाय पंतांनी आजवर निकाल दिलेला नव्हता. पण तूप काही कंपनीचा माल नव्हता.

*

बनूबाई डोक्यावर पाटी घेऊन आली तेव्हा पहिल्या घराने कडी घातली. दुसऱ्या घरातून वृंदा दार न उघडता म्हणाली, "आज नको गं." तिसऱ्यात, चौथ्यात तेच. बनूबाई सातव्यापर्यंत गेली, मग आठव्यासमोर पाटी उतरवून पायरीवर बसली. आठवं घर तिचं गिऱ्हाईक नव्हतं, पण दार तेवढंच उघडं होतं.

"वैनी, कोन मेलं का काय ओळीत?"

मालिनी आत वळली. विष्णुपंत बाहेर आले.

"बनूबाई, तुमच्या तुपात वनस्पती आहे."

"काय हाय?"

"वनस्पती. मी तपासलंय."

"तुमी कंधी घेतलंव माज्याकडनं, तपासाया?"

"सात घरांतून घेतलं. एकत्र केलं. लाल आलं."

"साह्यब," बनूबाईने पदर खोचला, "माजी म्हस गाभन व्हती तंवा तुप कमी आनलं मी, पन दुसऱ्याचं नाय आनलं. ह्या सात घरांचं जाऊ दे. बदलापूरच्या बाजारात मी पोचायच्या आदी ही बोंब पोचंल. मंग माजं तुप कोन घील? म्हशीला काय सांगू, दूध देऊ नको?"

"अहो, पण रंग..."

"माज्यासमोर तपासा. मी बगते कसं लाल व्हतंय त्ये."

विष्णुपंतांना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला, कारण नियम हेच सांगत होता.

"बरोबर आहे तुमचं. एकत्रित नमुना नापास झाला, की पिंपं एकेक करून तपासायची. रविवारी सकाळी, इथेच, सगळ्यांसमोर. तुमच्या मडक्यातलं एक, सात घरांतलं सात. प्रत्येक घरातलं वेगळं. तिन्ही थरांतून."

बंद दारांच्या मागे हे सातही घरांना नीट ऐकू गेलं.

*

"विष्णुपंत, कशाला हो पुन्हा? गरीब बाई आहे."

"म्हणूनच, वृंदावहिनी. अन्याय नको."

"आम्ही माफ केलंय तिला."

"माफ कशाबद्दल केलंय ते आधी कळायला हवं ना!"

"भाऊजी, रविवारी माझ्याकडे सवाष्ण आहे."

"दोन मिनिटांचं काम आहे, गोजरबाई. फक्त बरणी द्या."

"थोडं वरचं घेतलं तर नाही का चालणार?"

"वरचं घेऊन कधी काही कळतं का?"

*

शनिवारी दुपारी वृंदा बदलापूरच्या मावशीकडे जाते असं घरी सांगून निघाली. तिन्ही थरांतून घेणार म्हणजे बरणी तळापर्यंत खरी हवी, आणि देवघराखालचं तूप निरांजनापुरतंच होतं. दुसरं कोणाकडून आणावं तर ते कसलं निघेल याचा भरवसा नाही. पुरा भरवसा एकाच बाईच्या तुपाचा होता.

बनूबाईच्या अंगणात पारडी बांधली होती. तिच्या पलीकडे, पदराखाली काहीतरी धरून, गोजरबाई उभी होती.

"तुम्ही इथे कशा?" वृंदाने विचारलं.

"पारडी बघायला आले. आणि तुम्ही?"

"मीपण."

दोघींनी पारडी पाहिली. तेवढ्यात वाटेवरून पाचव्या घरातली वेणू आली. दोघींना पाहून ती परत फिरली, आणि मागून सहाव्या घरातली येताना दिसल्यावर पुन्हा वळली. संध्याकाळच्या आत सातही जणींची पारडी बघून झाली होती.

बनूबाई ओटीवर बसून होती.

"तुमी तर नको म्हनालाव. भेसळीचं हाय नं माजं?"

"हळू बोल गं बनूबाई," वृंदा म्हणाली. "तपासायला हवंय."

"तपासाया चमचा लागतो. बरनी कशाला आनली?"

वृंदाने बरणी पदराखाली घेतली.

"हळू बोलायचा भाव येगळा," बनूबाई म्हणाली.

भाव तिने सांगितला. कोणी घासाघीस केली नाही. तिने घरातलं तूप काढलं, सून अंजनीने माहेरी पाठवायला ठेवलेलं काढलं, नुकतं निघालेलं लोणी चुलीवर चढवलं. शेवटच्या दोघींना लोणी कढेपर्यंत थांबावं लागलं. पारडी पुन्हा बघण्यासारखी राहिली नव्हती, म्हणून त्या दोघी चुलीकडे बघत बसल्या.

*

त्याच शनिवारी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी, विष्णुपंतांनी एक गोष्ट केली. मालिनी मागीलदारी होती. त्यांनी घरच्या तुपाच्या बरणीत काचेची कांडी तळापर्यंत घातली, तिन्ही थरांतलं तूप एका छोट्या बाटलीत घेतलं आणि बाटलीवर चिठ्ठी डकवली: प्र. म्हणजे प्रमाण नमुना. ज्याच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं, ते ज्ञात शुद्ध. चंदूचं म्हणणं बरोबर होतं, तुलनेशिवाय निकाल नाही. नमुना घेतल्याचं त्यांनी मालिनीला सांगितलं नाही. नमुना ज्याच्या ताब्यातून घ्यायचा त्याला आगाऊ सांगू नये, असाही एक नियम आहे.

*

रविवारी ओट्यावर लाकडी घोडीत नऊ नळ्या उभ्या होत्या. आम्लाची वाफ सुटली तशी बायकांनी पदर नाकाला लावले. नवरे जमले होते, सासवा पाट घेऊन आल्या होत्या. अण्णा आरामखुर्चीत. बनूबाई पायरीवर बसली होती. तिची नजर नळ्यांवरून हलत नव्हती. तिच्याबरोबर बाजारातले दोघे आले होते. निकाल ऐकून ते बदलापूरला जाणार होते.

"ही बनूबाईची," विष्णुपंत म्हणाले. चंदूने नळी हलवली आणि ठेवली.

तूप वर आलं. खालचं आम्ल होतं तसंच राहिलं.

बनूबाईने श्वास सोडला, पण उठली नाही.

"पहिलं घर." काही नाही. "दुसरं घर." काही नाही. वृंदाने पदर नाकावरून काढला. तिसरं, चौथं, पाचवं. सातव्यापर्यंत तळ जसाच्या तसा. सासवा एकमेकींकडे बघून माना हलवू लागल्या. आपल्या सुनांनी घर नीट सांभाळलं आहे, असं त्या मानांमध्ये होतं.

विष्णुपंत मात्र घोडीकडे बघत राहिले. ही सात मिळून लाल होतात आणि वेगळी केली की होत नाहीत. असा पदार्थ त्यांच्या माहितीत नव्हता.

"शेवटची राहिली, पंत," चंदू हळू म्हणाला. "ही कोणाची?"

"प्रमाण नमुना," विष्णुपंत त्याच्यापुरतंच पुटपुटले. "घरचा."

मालिनी त्याच वेळी चहाचं तबक घेऊन दारात आली होती. तिने ते ऐकलं. कपबश्या थोड्या वाजल्या.

चंदूने नववी नळी हलवली आणि उभी केली.

गुलाबी. मग लाल. मग कुंकवाच्या पाण्यासारखं.

नियम असा आहे, की जो नमुना प्रमाणाशी जुळत नाही तो नापास. त्या नियमाने बनूबाईचं तूप नापास होतं आणि सातही घरं नापास होती. विष्णुपंतांच्या डोळ्यांसमोरून हा नियम आधी गेला. त्यानंतर दुसरी शक्यता आली. त्यांनी दाराकडे पाहिलं. मालिनी तबकाकडे बघत होती.

"अगंबाई! ही लाल कोणाची?" गोजरबाईने पुढे वाकून विचारलं. सातव्या घराची नळी होईपर्यंत ती पुढे वाकली नव्हती.

बनूबाईने नळीकडे पाहिलं, मग दाराकडे. मग म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे साह्यब. माजं काय त्ये सांगा आदी."

"तुमचं शुद्ध आहे," विष्णुपंत मोठ्याने म्हणाले, बाजारातल्या दोघांना ऐकू जाईल असं. "पूर्ण शुद्ध. माझा आधीचा निकाल चुकीचा होता."

"आणि ही?" गोजरबाई हटेना.

विष्णुपंतांनी उभ्या नोकरीत खोटा निकाल दिलेला नव्हता. त्यांनी नववी नळी घोडीतून उचलली, उजेडासमोर धरली आणि पुरता विचार करून सांगितलं:

"ही वनस्पतीची."

यात एकही शब्द खोटा नव्हता. लोकांना वाटलं, वनस्पती कशी दिसते ते कळावं म्हणून त्यांनी ती मुद्दाम आणली असणार. चंदूने मान डोलावली. मालिनीने चहा वाटायला घेतला.

सातही घरांचं तूप शुद्ध, तर पहिल्या वेळी लाल काय झालं होतं? हा प्रश्न विचारणं अगदी सोपं होतं. कोणीही विचारला नाही. वृंदाने चहाला दोनदा छान म्हटलं.

विष्णुपंतांनी नळीला बूच लावून ती कोटाच्या खिशात घातली. बूच सैल होतं. खिशाला भोक पडलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

*

गर्दी पांगल्यावर बनूबाई मागीलदारी आली. तिच्या हातात झाकलेला लोटा होता.

"वैनी, तुमाला बी लागंल नं आता?"

"लागेल," मालिनी म्हणाली.

"हळूच देईन."

*

दुपारी वरणभातावर ते तूप वाढलं. अण्णांनी पहिला घास घेतला, चावणं थांबवलं आणि नाक आक्रसलं.

"हे काय वाढलंयस, सूनबाई?"

"तूप आहे, अण्णा."

"हे तूप? हा वास बघ! दाणा कुठाय? तूप म्हणजे तूप. विष्णू, तपास रे हे."

"तपासलंय, अण्णा."

"मग?"

"शुद्ध आहे."

"तुझी तपासणी तुझ्या कारखान्यात ठेव. जिभेला कळतं मला."

विष्णुपंतांनी स्वतः एक घास घेतला. त्यांनी तो गिळला. दुसरा हातात घेतला, थांबले, आणि ताटात ठेवला. मग मालिनीकडे न बघता, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"नेहमीचं आहे का थोडं?"

मालिनी फळीकडे गेली.

*

लग्न होऊन या घरात आल्यावर मालिनीने पहिल्यांदा कढवलेलं तूप सायीचंच होतं. बापलेकांनी ते ताटाच्या कडेला सारलं होतं.